लाल पाटी दिसल्यावर

दिवाळीच्या सुटीत मी बुऱ्हाणपूरला घरी होते. परत गेल्या गेल्या इंटर्नल, आणि अभ्यासाला असलेली कादंबरी हाताशी नाही. लायब्ररीतली प्रत दुसऱ्या कुणीतरी नेलेली. मग आपण सगळेच करतो ते मी केलं. पप्पांच्या लॅपटॉपवर कादंबरीचं नाव टाकलं आणि पुढे लिहिलं, ‘फ्री पीडीएफ’.

तिसऱ्या की चौथ्या साइटवर डाउनलोडचं बटण दाबलं आणि कोपऱ्यात लाल पाटी आली. ही वेबसाइट धोकादायक आहे म्हणून अडवली, असं अँटिव्हायरस सांगत होता. मी काय करावं? सेटिंगमध्ये जाऊन त्याचं संरक्षणच थोडा वेळ बंद केलं. फाइल उतरली. नावात पीडीएफ होतं, पण त्यापुढे आणखी एक टिंब आणि ‘ईएक्सई’. म्हणजे ते पुस्तक नव्हतं, प्रोग्राम होता. हे लक्षात आलं तेव्हा माझं डबल क्लिक करून झालं होतं. स्क्रीनवर काहीच घडलं नाही. मी लॅपटॉप मिटला आणि गप्प बसले.

पप्पा पॉवरलूमवाल्यांचे हिशेब बघतात. दहा-बारा जणांचे जीएसटीचे पासवर्ड, बँकेची स्टेटमेंट्स, सगळं त्याच लॅपटॉपवर. दोन दिवस ते त्यावर काम करत होते आणि मी शेजारच्या खोलीत अभ्यासाचं नाटक करत होते. शेवटी रविवारी मिस्सा आटोपून परतताना रस्त्यातच सांगून टाकलं.

तेव्हापासून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. अँटिव्हायरसने धोका अडवला की आपण सुटलो असं समजतो. खरं तर आपली परीक्षा तिथून सुरू होते. पुढच्या पाच मिनिटांत आपण काय करतो, आणि काही चुकलं तर ते सांगतो की लपवतो, यावर बाकीचं सगळं ठरतं.

आमच्या गावापासून वीसेक किलोमीटरवर असीरगड आहे. दख्खनचा दरवाजा म्हणायचे त्याला. अकबराच्या फौजेला तो लढून घेता येईना. 1601 मध्ये अखेर तो पडला, तेव्हा तोफांपेक्षा सोन्याच्या किल्ल्यांनीच किल्ला उघडला, असं सांगतात. तट शाबूत होते, आतली माणसं फितली. मला फितवायला तर सोनंही लागलं नाही, फुकटची पीडीएफ पुरली.

आता ती लाल पाटी काय सांगते ते बघू. पानाचा पत्ता किंवा येणारी फाइल धोकादायक म्हणून ओळखीची असेल किंवा संशयास्पद वाटली, तर अँटिव्हायरस ती वाटेतच तोडतो. तेवढ्यावर थांबलात तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. टॅब बंद करा. ‘एकदा बघू तरी’ म्हणून परत जाऊ नका. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये अर्धवट काही उतरलं असेल तर न उघडता काढून टाका. त्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली असेल तर ती काढा, ब्राउझरमध्ये अनोळखी एक्स्टेन्शन दिसलं तर तेही. मग अँटिव्हायरस, ब्राउझर आणि विंडोज अपडेट करून संपूर्ण स्कॅन लावा. वेळ लागतो, रात्रभर चालू द्या.

फाइल उघडली गेली असेल तर मामला वेगळा. आधी इंटरनेट तोडा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून किंवा कॉम्प्युटरवरून. त्याच मशीनवर बदलले तर नवीन पासवर्डही चोराच्या हातात. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा, त्यात लाजायचं काही नाही. आणि ‘काहीच घडलं नाही’ यावर विश्वास ठेवू नका. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत असंच मालवेअर शिरलं आणि ऑगस्ट 2018 मध्ये 94 कोटींहून जास्त रक्कम गेली. असे प्रोग्राम आवाज करून येत नाहीत.

उलट जे फार आवाज करतात ते बहुतेक खोटे असतात. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असं ब्राउझरच्या पानातच दिसलं तर तो फसवणुकीचा धंदा समजा. खऱ्या इशाऱ्याची खातरजमा करायची तर अँटिव्हायरस स्वतः उघडा आणि त्याची हिस्टरी बघा.

कुणी म्हणेल, अँटिव्हायरस कधीकधी चांगली साइटही अडवतो. अडवतो, मान्य. पण चांगली साइट उद्याही तिथेच असेल. आज संरक्षण बंद करण्याएवढी घाई कशाची?

आणि आपण साहित्याचे विद्यार्थी म्हणून एक प्रश्न आपल्यालाही विचारायला हवा. आपण त्या गल्लीत जातोच का? पुस्तकं महाग आहेत, लायब्ररीत प्रती कमी आहेत, हे खरंच आहे. पण लेखकाची चोरलेली पीडीएफ शोधताना चोर आपल्याकडे आला तर तक्रार कुणाकडे करणार? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्याच साइटवर मोफत आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठान आहे, मराठी विकिस्रोत आहे. अभ्यासाचं नेमकं पुस्तक तिथे नसेल, तर मंडळाच्या ग्रुपवर मागा. माझ्या कादंबरीची प्रत शेवटी आमच्याच वर्गात मिळाली. मी विचारलंच नव्हतं.

पप्पा रागावले नाहीत. स्कॅनमध्ये दोन फाइली सापडल्या, त्या काढल्या. मग ते फोन घेऊन ओट्यावर बसले आणि दहा-बारा जणांना एकेक करून सांगितलं, “भाऊ, माझ्या लॅपटॉपमध्ये गडबड झाली आहे, पासवर्ड आजच बदलून घ्या.” वीस वर्षांत कमावलेला विश्वास त्या प्रत्येक फोनवर पणाला लागत होता. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. नंतर मला एवढंच म्हणाले, “दोन दिवस आधी सांगितलं असतंस तर हेच फोन दोन दिवस आधी झाले असते.”

नुकसान कुणाचं झालं नाही, देवाची कृपा. पण ते दोन दिवस माझे होते आणि धोका दुसऱ्यांचा. लाल पाटी दिसली की मला आता तेच आठवतं.