फुंकर मारणं आता पुरे!

गेमची कॅसेट चालेना की आपल्याकडे उपाय एकच: काढा, फुंका, घाला. नव्वदच्या दशकात 'लिटल मास्टर' किंवा 'मीडिया'चं मशीन ज्यांच्या घरी होतं, त्या सगळ्यांचा हा ठरलेला विधी. अमेरिकेतली पोरंही नेमकं हेच करत होती, तेव्हा हा अडाणीपणा निदान जागतिक आहे म्हणायचा. पण आज चाळिशीत आलेली शहाणी माणसं माळ्यावरची कॅसेट काढून पुन्हा गाल फुगवतात, आणि चालली नाही की "मेली" म्हणून कचऱ्यात टाकतात, याचा मात्र मला मनापासून राग येतो.

फुंकरीने कॅसेट चालायची, हे खरंच. पण श्रेय फुंकरीचं नव्हे. कॅसेट काढून पुन्हा घातली की तिच्या सोनेरी पट्ट्या मशीनमधल्या पिनांवर घासल्या जातात आणि तुटलेला संपर्क जुळतो. न फुंकताही बहुधा तेच झालं असतं. उलट फुंकरीसोबत तोंडाची वाफ आणि थुंकीचे कण पट्ट्यांवर बसतात. खुद्द निन्टेंडोनेच लोकांना 'फुंकू नका' असं बजावलं होतं. त्यात आपल्याकडे खारा वारा आणि चार महिने भिंतींना घाम. इथे वेगळी वाफ पुरवायची गरजच काय?

दुसरा वैताग म्हणजे इंटरनेटवरचा अमेरिकन सल्ला जसाच्या तसा उचलणारे. "७२ पिनांचा कनेक्टर बदला", "कुलपाची चिप निकामी करा"... अहो, ते १९८५च्या अमेरिकन मशीनचं दुखणं! त्यात कॅसेट समोरून आत सरकवून खाली दाबायची, आणि आतल्या चिपला कॅसेटची ओळख पटली नाही की मशीन पुन्हा पुन्हा सुरू व्हायचं. आपल्याकडची मशीनं १९८३च्या जपानी फॅमिकॉमच्या नकला. पिना ६०, कॅसेट वरून खोचायची, कुलूपबिलूप काही नाही. आपला आजार साधा आहे हो, मळ आणि गंज.

तेव्हा आधी दुसरी कॅसेट लावून बघा. तीही चालत नसेल तर दोष मशीनच्या खाचेत किंवा अ‍ॅडाप्टरमध्ये असेल, कॅसेटवर आळ घेऊ नका. मग पडदा नीट बघा. या कॅसेटमध्ये वाटा दोन: एक खेळाच्या प्रोग्रॅमची, दुसरी चित्रांची. मारिओच्या उडीचा आवाज येतोय पण पडद्यावर चिंध्या दिसताहेत, तर बहुधा चित्रांच्या वाटेवरची पट्टी मळली आहे. नुसताच एकरंगी पडदा आला तर प्रोग्रॅमची वाट तुटली असावी. हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल (९० टक्क्यांच्या वरचं) कापसाच्या काडीला लावून पट्ट्या पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. पूर्ण वाळू द्या, मगच लावा. सॅनिटायझर नको, त्यातल्या ग्लिसरीनचा थर बसतो. पॉलिश पेपर तर अजिबात नको. मुलामा आधीच नावापुरता, तो गेला की खालचं तांबं उघडं पडतं. आणि हो, चवथीला समई घासतो म्हणून इथेही चिंच लावणारे महाभाग निघतील, त्यांना आधीच हात जोडतो.

यातूनही काही कॅसेटी उठत नाहीत. आतल्या काळ्या थेंबाखालची चिपच गेली असेल तर इलाज नाही. पण तो निकाल पुसून झाल्यावरचा, फुंकून झाल्यावरचा नव्हे.

"एवढं कशाला, सगळे गेम फुकट उतरवता येतात की!" हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. असली जपानी-अमेरिकन गेम मिळतात, मान्य. पण '९९९९ इन १' असं छातीठोक लिहून आत तेच ते मूठभर खेळ नावं बदलून कोंबलेली तुमची ती पिवळी कॅसेट? ती कुठल्याच कंपनीच्या अधिकृत यादीत नाही. चोरीचा माल होता, कबूल. पण आपल्या एका पिढीने खेळला तो हाच माल. त्याचा मेनू, त्याची मोडकी इंग्रजी, ते बदललेले खेळ जपायला जपानहून कोणी येणार नाही. हौशी लोक आज अशा कॅसेटींतला मजकूर उतरवून ठेवतात, पण त्यासाठी कॅसेट आधी शिल्लक हवी ना? चवथीच्या साफसफाईत तीच पहिली बाहेर जाते.

आखातातून किंवा बोटीवरून कोणी असली कॅसेट आणली असेल, झेल्डा किंवा पोकेमॉनसारखी, तर तिच्यात अर्धवट खेळ जतन करायला नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली तरी खेळ चालतो, फक्त जतन होत नाही. मात्र ती अजून जिवंत असेल तर नवी घालायच्या उत्साहात लगेच उपसू नका. बॅटरी निघाली की आत जपलेला डाव पुसला जातो. कॅसेट वाचायचं यंत्र मिळतं, त्यावर तो आधी उतरवून घ्या. त्या डावावर कदाचित तुमच्या भावाने घातलेलं नाव असेल.