जुना रंग उतरवितांना

दिवाळी जवळ आली म्हणजे घराला रंग देण्याचा विषय प्रत्येक कुटुंबांत निघतोच. भिंतींचें काम सोपें. खरी खटपट जुन्या दारांची, चौकटींची व गजांची. त्यांवरील पोपडे खरवडल्यावांचून नवा रंग धरत नाहीं. या खरवडण्याविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. ते आम्ही शहाणपणाच्या जोरावर लिहीत नसून एक चूक करून बसल्यामुळें लिहीत आहों, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

चिंचवडगांवांतील आमचें घर जुनें. गेल्या वर्षीं दसऱ्याच्या सुमारास रंगारी बोलाविला. त्यानें माजघराचीं दारें पॉलिशकागदानें कोरडींच घासावयास घेतलीं व घरभर बारीक धूळ बसली. धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, बाळ रांगतो आहे. काम होईपर्यंत आम्ही माहेरीं जाऊन येतों." "आमचीं बाळपणें याच धुळींत गेलीं," असें सांगून आम्हीं त्यांना थांबविलें. पुढें मुलाची भूक मंदावली, पोट दुखूं लागलें. डॉक्टरांनीं रक्त तपासविलें, तों त्यांत शिसें निघालें.

रंगांत शिसें कोठून आलें? संस्कृतांत शिशाला 'नाग' म्हणतात, आणि शेंदराला 'नागसंभव'. म्हणजे शेंदराचें मूळ आपल्या कोशकारांस ठाऊक होतें. सफेता हाही शिशाचाच. कित्येक पिवळ्या रंगांतही तें असतें. रंग लवकर वाळावा व टिकावा म्हणूनही तें घालीत. चुन्याच्या सफेदीचें भय नाहीं, भय तेलरंगाचें. ऑस्ट्रेलियांत डॉक्टर गिब्सन यांनीं १९०४ सालींच व्हरांड्याच्या रंगविलेल्या कठड्यांपासून मुलांना शिसें बाधतें हें दाखवून दिलें होतें. आपल्याकडे नियम झाला २०१६ सालीं. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसें चालत नाहीं. तेव्हां त्यापूर्वीं रंगविलेल्या गांवठाणांतील वाड्यांविषयीं व प्राधिकरणांतील जुन्या बंगल्यांविषयीं संशय धरणेंच बरें. शिवाय हा नियम कारखान्यांतील रंगांना लागू नाहीं. भोसरी-चाकणकडील कामावरून उरलेला डबा घरीं आणून त्यानें फाटक किंवा पाळणा रंगविण्याची हौस कोणीं करूं नये.

मुलाच्या पोटांत गेलेलें शिसें प्रौढाच्या मानानें चौपट-पांचपट अंगीं लागतें व वाढत्या मेंदूस बाधतें. इतकें चालेल अशी निर्धोक मर्यादा वैद्यकास सांपडलेली नाहीं. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्या.

रंग नुसता पाहून शिसें ओळखतां येत नाहीं. एक पोपडा प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा. रंग घट्ट बसलेला असेल तर तो काढूंच नये. साबणाच्या पाण्यानें धुवून वरून नवा द्यावा. काढणें भागच असेल तर मुलांना व गर्भवती स्त्रियांना काम संपून घर धुतलें जाईपर्यंत दुसरीकडे पाठवावें, कारण आईच्या रक्तांतील शिसें गर्भास पोंचतें. खोली रिकामी करून जमिनीवर जाड प्लॅस्टिक पसरावें, पंखा बंद ठेवावा. पाणी शिंपडून ओलेंच खरवडावें. घासण्याचें यंत्र व जाळण्याचा दिवा दोन्ही वर्ज्य. एकानें धूळ उडते, दुसऱ्यानें शिशाची वाफ होते. रंगाऱ्यास बारीक धूळ अडविणारा मुखवटा द्यावा, रुमाल पुरत नाहीं. त्याच्याही घरीं मुलें असतात. अंग धुवून, कपडे बदलूनच त्यास जाऊं द्यावें. शेवटीं झाडू न फिरवितां ओल्या फडक्यानें, वरचेवर पाणी बदलून, सर्व पुसावें. पोपडे पिशवींत बांधून घातक कचरा म्हणून वेगळे द्यावे.

आणखी एक गोष्ट आमच्या पिढीनें विशेष जपावी. काढलेलें जुनें लांकूड बंबांत किंवा होळींत घालण्याची आपणांस संवय आहे. रंगविलेलें लांकूड कधींही जाळूं नये. त्याचें शिसें राखेंत उतरतें, आणि तीच राख भांडीं घासावयास येते!

आमच्या नातवाचें रक्त डॉक्टरांच्या सांगण्यावरून दर तीन महिन्यांनीं तपासतों. घर धुऊन काढल्यापासून व आहारांत लोह आणि चुना वाढविल्यापासून शिशाचें मान उतरत आहे. जें व्हावयाचें तें किती झालें, हें तो शाळेंत जाईपर्यंत कळणार नाहीं. आम्हीं पस्तीस वर्षें दुसऱ्यांचीं मुलें शिकविलीं. आपल्या घरांतील सुनेचा एक शब्द मात्र ऐकला नाहीं. तिनें त्याचा उल्लेख आजवर केलेला नाहीं, म्हणूनच तो आम्हीं येथें केला. यंदा उरलेल्या खिडक्या रंगवावयाच्या आहेत. दिवस ठरविण्याचें काम सूनबाईंकडे दिलें आहे.