बहुपर्यायी प्रश्न आणि मारेगावचा विद्यार्थी

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव हा कापूस पिकविणारा तालुका. येथील शेतकऱ्याला दरवर्षी जूनमध्ये एका प्रश्नाचे उत्तर अपुऱ्या माहितीवर द्यावे लागते : पहिल्या पावसावर पेरावे की थांबावे? चुकले तर दुबार पेरणी, थांबले तर हंगाम हुकण्याचे भय. तथापि तो डोळे मिटून पेरीत नाही. ओल किती खोल गेली हे माती उकरून पाहतो आणि मगच ठरवितो. त्याचाच मुलगा भौतिकशास्त्राच्या बहुपर्यायी प्रश्नासमोर बसतो, तेव्हा मात्र ‘येत नसेल तर सोडून दे’ किंवा ‘काहीतरी ठोकून दे’ एवढाच उपदेश सहसा त्याच्या वाट्याला येतो. माती उकरून पाहण्याची विद्या त्याला वर्गात क्वचितच मिळते.

हा प्रश्न किरकोळ नव्हे. राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या ७० गुणांच्या लेखी परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नांना अवघे १० गुण आहेत. याउलट अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या राज्य सामाईक परीक्षेत भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ४५ प्रश्न, सर्वच्या सर्व बहुपर्यायी. म्हणजे वर्षभर वर्गात सराव होतो तो सविस्तर उत्तरांचा, आणि प्रवेशाचे दार उघडते ते पर्याय निवडण्याने.

दोन्ही परीक्षांचे हिशेबही वेगळे आहेत. राज्याच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेथे उत्तर कोरे सोडणे हे निव्वळ नुकसान होय. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीला १ गुण जातो. चारांपैकी एक पर्याय निव्वळ अंदाजाने निवडल्यास सरासरी पाव गुण पदरी पडतो. हा लाभ नगण्य आणि बेभरवशाचा. परंतु दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर तीच सरासरी दीड गुणावर जाते. सारा फरक त्या बाद करण्याच्या शक्तीत आहे.

ही शक्ती म्हणजे हातचलाखी नव्हे; ते भौतिकशास्त्रच आहे. ६ ओहम आणि ३ ओहम हे रोध समांतर जोडले, तर परिणामी रोध १८, ९, ४.५ की २ ओहम? समांतर जोडणीचा रोध सर्वांत लहान रोधाहूनही कमी असतो, एवढे उमजलेला विद्यार्थी आकडेमोड न करता २ ओहम म्हणेल. घर्षणरहित उतारावरून घसरणाऱ्या वस्तूचे त्वरण कोनाच्या साईनवर अवलंबून, की कोसाईनवर, की टॅनवर? उतार शून्य केला तर वस्तू घसरणारच नाही, म्हणून कोसाईन बाद. उतार ९० अंशांचा केला तर त्वरण गुरुत्वत्वरणाइतकेच हवे, म्हणून अनंताकडे जाणारा टॅन बाद. उरला साईन. लंबकाच्या दोलनकालाचे सूत्र विसरले, तरी ज्या पर्यायाचे एकक सेकंद येत नाही तो टिकू शकत नाही.

बहुपर्यायी पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते खरेही आहेत. सर्व पायऱ्या बरोबर करून शेवटच्या गुणाकारात चुकलेला आणि काहीच न येणारा, दोघांनाही ती एकाच मापाने मोजते. पण तिच्या उगमाशी न्यायाचा विचार होता, हेही विसरता येत नाही. एकाच उत्तराला निरनिराळे परीक्षक निरनिराळे गुण देतात, या दोषावर उपाय म्हणून अमेरिकेत फ्रेडरिक केली यांनी १९१५च्या सुमारास ही पद्धत वापरात आणली. मारेगावच्या आणि मुंबईच्या उत्तराला यंत्र एकच माप लावते, हा तिचा गुण होय. मात्र माप समान असले तरी तयारी समान नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, जे ज्ञान वर्गात विनामूल्य मिळावयास हवे ते बाजारातील वस्तू झाले आहे. नागपूर-लातूरच्या खाजगी शिकवण्यांत पर्याय बाद करण्याचा सराव पैसे मोजून मिळतो. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकून अकरावीत इंग्रजी पुस्तकाशी झुंजणाऱ्या खेड्यातील मुलाला ती किंमत परवडत नाही. वास्तविक या विद्येला ना संगणक लागतो, ना जाडजूड प्रश्नसंच. खडू आणि फळा पुरेसा आहे. आठवड्याचा एक तास यासाठी राखावा आणि त्या तासाला ‘बरोबर उत्तर कोणते?’ एवढेच न विचारता ‘उरलेले तीन का चूक?’ हे प्रत्येकाकडून लिहवून घ्यावे. दहावीच्या विज्ञानातही बहुपर्यायी प्रश्न असतात. ही सवय तेथूनच लावता येईल.

परीक्षेची पद्धत बदलणे मारेगावच्या शिक्षकाच्या हाती नाही. पण ओल पाहून पेरणाऱ्या बापाचा मुलगा परीक्षेत डोळे मिटून पेरणार नाही, एवढे करणे निश्चितच त्याच्या हाती आहे.