कात्री कोणी चालवली, हा प्रश्न नंतरचा

जुनी छापील चित्रे किंवा खेळाडूंची कार्डे जमवणाऱ्यांमध्ये एक वाद मिटत नाही: वस्तूत बदल केला, असे कधी म्हणायचे? बहुतेक जण हेतू पाहतात. फसवायला कापले तर बदल, चौकटीत बसवायला कापले तर तो बदल नव्हे. ही कसोटी भल्या मनाची असली तरी चुकीची आहे. बदल झाला का, हे कागद पाहून ठरवावे. फसवणूक झाली का, हे विकणाऱ्याने काय सांगितले आणि काय लपवले, यावरून.

होनस वॅग्नर या अमेरिकी बेसबॉलपटूचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे एक सिगारेट कार्ड २००७ मध्ये २८ लाख डॉलरला विकले गेले. त्याच्या कडा कापल्याचे बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने २०१३ मध्ये कबूल केले. झिजलेली कड गेली आणि कार्ड कोरे दिसू लागले. आता आपल्या पुणे जिल्ह्याकडे पाहू. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे याच जिल्ह्यातल्या मळवलीला गेला. त्या छापखान्याची लक्ष्मी शिरूर तालुक्यातल्या केंदूरच्या एखाद्या जुन्या घरात निघाली, तर चौकटीच्या मापासाठी तिचा समास छाटलेला असू शकतो, आणि त्यासोबत खाली छापलेले छापखान्याचे नावही गेलेले असू शकते. एकीकडे लबाडी, दुसरीकडे भक्ती. पण कागद दोन्हीकडे कमी झाला. म्हणून बदल दोन्हीकडे आहे, गुन्हा एकीकडेच.

यावर कोणी म्हणेल, मग धूळ पुसणे हाही बदलच की! नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकताना कागद, शाई वा रंग यांत काही घटत नाही, भरही पडत नाही. दाबून सुरकुती घालवणे, उडालेल्या रंगावर रंग भरणे यांचे तसे नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रविवर्म्यांच्या कित्येक चित्रांवर लोकांनी जर, टिकल्या, कापड चिकटवून देवींना नटवले. त्या हौसेला मॅस्ट्रोच्या कात्रीच्या पंगतीला बसवायचे का? बदलाची नोंद हा आरोप मानला, तरच हा प्रश्न बोचतो. टिकल्या ही भर आहे, तेव्हा तशी नोंद व्हावी. त्यामुळे चित्राची किंमत वाढली तरी हरकत नाही. उलट ‘मूळ रूप’ आणण्यासाठी त्या खरवडून काढणे हा आणखी एक बदल ठरेल, आणि घरोघरच्या पूजेचा पुरावाही पुसला जाईल.

विकणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर? अज्ञानामुळे तो दोषातून सुटेल, छाटलेला समास मात्र परत येणार नाही. म्हणून बदलाची व्याख्या रुंद असावी आणि दोषाची अरुंद. काय कमी झाले, काय जोडले गेले आणि कशाची खात्री नाही, एवढे पावतीवर लिहिण्याची सक्ती विक्रेत्यांनी स्वतःवर घालून घ्यावी. प्रामाणिक माणसाचे त्यात काही जात नाही.