बंदूक दिसत नाही, कोयता दिसतो

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व या देशातील सामान्य नागरिकाला न्यायालयाच्या दारात रोज ऐकवले जाते. निरक्षर शेतमजुराला ते लागू आहे, परगावाहून आलेल्या ऊसतोड कामगाराला लागू आहे. मात्र ज्याच्या अंगावर कायद्याची वर्दी आहे आणि ज्याला कायद्याच्या अंमलबजावणीसाठीच पगार मिळतो, त्या पोलीस खात्याला हे तत्त्व कोणी ऐकवत नाही. शस्त्रविषयक कायद्यांच्या बाबतीत तर पोलिसांचे अज्ञान हा जणू सरकारमान्य शिरस्ता होऊन बसला आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कायद्याच्या किसाचा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हिंगोलीत जिल्हा परिषदेच्या आवारात दिवसाढवळ्या एका राजकीय कार्यकर्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरात तर पोलीस ठाण्यातच, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळीबार झाला आणि सत्ताधारी पक्षाच्या आमदाराला अटक करावी लागली. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, तेव्हा कोठे त्या एका जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने असल्याची चर्चा सुरू झाली आणि शंभरावर परवाने रद्द झाले. हे परवाने काही एका रात्रीत दिले गेले नव्हते. परवान्याच्या अर्जावर पोलीस ठाण्याचा अहवाल मागवावा लागतो. म्हणजे कमरेला पिस्तूल लावून मिरवणारे कोण आहेत, हे पोलिसांना ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोयच उरत नाही.

कायदा काय सांगतो ते पाहावे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून अग्निशस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे. परंतु परवाना मिळाला म्हणजे शस्त्र मिरवण्याची मुभा मिळाली असे नव्हे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी अग्निशस्त्र नेताना ते म्यानात वा पिशवीत, पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे. ते परजण्यास सक्त मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने वरातीत वा मिरवणुकीत आनंदाच्या भरात बेदरकारपणे बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. शस्त्र बाळगून जाणाऱ्या कोणालाही परवाना दाखवण्यास सांगण्याचा अधिकार कलम १९ ने कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे. त्यासाठी वरून हुकूम यावा लागत नाही. आता प्रश्न असा की, सभेच्या व्यासपीठावर पुढाऱ्याच्या मागे उघड्या बंदुका घेऊन उभ्या राहणाऱ्या खाजगी रक्षकांना हा प्रश्न किती वेळा विचारला जातो?

याच्या उलट दुसरी बाजू पाहावी. केवळ शेतीच्या वा घरगुती उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू या कायद्याने शस्त्राच्या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. लाठी आणि साधी काठी यांचा तर तेथे नावानिशी उल्लेख आहे. अग्निशस्त्राखेरीज इतर हत्यारांना परवान्याची सक्ती करायची, तर कलम ४ खाली केंद्र सरकारने त्या क्षेत्रापुरती अधिसूचना काढावी लागते. असे असता ऊसतोड कामगाराच्या गाडीतला कोयता किंवा आदिवासीच्या खांद्यावरची कुऱ्हाड शिपायाच्या नजरेला तत्काळ ‘घातक शस्त्र’ दिसते. कोयत्याचा दुरुपयोग होत नाही असे कोणी म्हणणार नाही. कोयत्याने कोणी हल्ला केला, तर हल्ल्याचा कायदा आहेच. परंतु पोट भरण्याचे अवजार जवळ असणे हाच गुन्हा ठरवायचा आणि मिरवली जाणारी बंदूक मात्र प्रतिष्ठेचे लक्षण मानायचे, हे अज्ञान निरागस नव्हे. त्याला वर्ग आहे.

तीच गोष्ट महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ ची. १९५१ च्या या कायद्याखाली जिल्हा दंडाधिकारी शस्त्रे, लाठ्याकाठ्या बाळगण्यास आणि जमाव जमवण्यास मनाई करू शकतात. हा अधिकार शांतता राखण्यासाठी आहे आणि तो अमर्याद नाही. जमावबंदीचा हुकूम राज्य सरकारच्या मंजुरीवाचून १५ दिवसांपलीकडे चालत नाही. व्यवहारात मात्र एक हुकूम संपतो न संपतो तोच दुसरा निघतो, आणि पीकविम्यासाठी वा रोजगार हमीच्या मजुरीसाठी निघालेल्या मोर्चावर कलम १३५ खाली गुन्हा नोंदवला जातो. मोर्चेकऱ्याच्या हातातील झेंड्याची काठी मोजणाऱ्या खात्याला त्याच हुकुमात बंदुकाही मोडतात, याचा विसर कसा पडतो?

पोलिसांच्या बाजूने असे म्हटले जाते की, शिपाई कामाच्या ओझ्याने वाकलेला आहे, त्याला सणाची सुटी मिळत नाही, आणि कायदे गुंतागुंतीचे आहेत. यातील पहिला भाग खरा आहे. शिपाईही कष्टकऱ्याच्याच घरातून आलेला असतो आणि त्याच्या कामाच्या तासांचा प्रश्न समाजवाद्यांनी मांडलाच पाहिजे. पण दुसरा भाग खरा नाही. रस्त्यावर लागणाऱ्या तरतुदी एका पानात मावतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्यांचे तीन नवे ग्रंथ अमलात आले, तेव्हा त्यांचे प्रशिक्षण सरकारने दिलेच. १४४ च्या जागी १६३ आले हे शिपायाने पाठ केले. मग हे एक पान तेवढे अवघड का वाटावे? खरी अडचण वाचण्याची नसून, वाचल्यावर बंदूकवाल्याला हटकावे लागेल याची आहे, आणि हटकणाऱ्याच्या बदलीची कळ कोणाच्या हाती असते, हे जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे.

या भेदभावाला इतिहास आहे. लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या दावणीला बांधले आणि युरोपियनांना सूट दिली. म्हणूनच १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामथ यांनी, जे पुढे समाजवादी चळवळीचे संसदपटू म्हणून गाजले, हा हक्क राज्यघटनेत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. आज मागे वळून पाहता आंबेडकरांचा निर्णय योग्य होता असेच म्हणावे लागेल. कारण विषमतेने ग्रासलेल्या समाजात शस्त्राचा हक्क प्रथम जमीनदाराच्या आणि कंत्राटदाराच्या हाती जातो. हिंगोलीला तर हे सांगावयास नको. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीच्या निजामी राजवटीत रझाकार उघड शस्त्रे घेऊन गावोगाव फिरत होते आणि त्यांना आवरण्याऐवजी राज्ययंत्रणा त्यांना पाठीशी घालत होती. शस्त्र कोणाच्या हातात आहे हे पाहून कायदा डोळे उघडणार वा मिटणार असेल, तर मुक्तिसंग्रामाचे काम अपुरे राहिले असे समजावे.

परवाना देतानाही हाच न्याय चालतो. कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कलम १४ सांगते. नाकारण्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. वसमतचा हळद पिकवणारा किंवा सेनगावचा सोयाबीनवाला रानडुकरे आणि रोह्यांपुढे रात्र रात्र जागतो. या तरतुदी त्याला कोणी सांगितल्या आहेत काय? त्याच्या हाती बंदूक द्यावी असा येथे आग्रह नाही. त्याला कुंपण आणि नुकसानभरपाई मिळणे अधिक श्रेयस्कर. परंतु कायद्यात ज्याची गरज मान्य आहे त्याला काही माहीत नाही आणि ज्याला केवळ दहशतीसाठी पिस्तूल हवे त्याला सारे ठाऊक, हे उफराटे आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. कलम ३७ चा चालू हुकूम, त्याची सुरुवात व शेवट, प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात मराठीत लावावा. जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची तालुकावार संख्या आणि ते कोणत्या कारणासाठी दिले, हे जिल्हाधिकाऱ्यांनी दरवर्षी जाहीर करावे. उघड मिरवल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीचा परवाना तपासून त्याची नोंद ठेवावी. अवजार जप्त केले तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी द्यावे. आणि शस्त्र कायद्याचे ते एक पान प्रत्येक शिपायाच्या हाती पडावे.

सरकार हे आपण होऊन करणार नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा या पाचही तालुक्यांतील साथींनी परवान्यांची व मनाई हुकुमांची माहिती अर्ज करून मिळवावी आणि ती गावसभेत वाचून दाखवावी. ठाण्यातल्या अंमलदाराला जे पान वाचायला सवड नाही, ते मजुराच्या खिशात असले, तर कोयता सोडून बंदुकीकडे पाहणे त्याला भाग पडेल.