इयत्ता पहिली ते पाचवीच्या वर्गशिक्षकांना संगीत-अध्यापनाचे पद्धतशीर प्रशिक्षण देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

प्रत माहितीस्तव : मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे.

विषय : प्राथमिक वर्गशिक्षकांच्या सेवापूर्व व सेवांतर्गत प्रशिक्षणात संगीताचा प्रात्यक्षिकासह समावेश करण्याबाबत.

मा. महोदय,

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या अनुसूचीत कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. परंतु ती केवळ सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तीही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांपुरती आहे. त्यामुळे पहिली ते पाचवीच्या वर्गांत, विशेषतः दोनशिक्षकी शाळांत, जो शिक्षक भाषा, गणित आणि परिसर अभ्यास शिकवतो, तोच परिपाठात समूहगीत म्हणवून घेतो, पाठ्यपुस्तकातील कवितांना चाली लावतो आणि स्नेहसंमेलनाची गाणी बसवतो. स्वतंत्र संगीतशिक्षक मिळाल्यास त्याचे स्वागतच आहे. मात्र प्रत्येक वाडीवस्तीवरील शाळेला तो मिळेपर्यंत मुलांना थांबवून ठेवणे न्याय्य नसल्याने, आज हे काम ज्याच्या अंगावर आहे त्या वर्गशिक्षकाची तयारी शासनाने करून द्यावी, अशी निवेदनकर्त्यांची भूमिका आहे.

शिक्षकाकडून असलेल्या अपेक्षा वाढत आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 कला-समेकित अध्यापनाचा, म्हणजे इतर विषयही कलेच्या माध्यमातून शिकवण्याचा, आग्रह धरते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात शिक्षकाला ‘कविता तालासुरात म्हणतो’ अशा वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. असे असूनही प्राथमिक स्तरासाठीच्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या 150 गुणांत कलेचा स्वतंत्र विभाग नाही, आणि डी.एल.एड. अभ्यासक्रमात चित्र, हस्तकला, नाट्य व नृत्य यांच्यासमवेत संगीताला मिळणारा वेळ गळ्याची आणि कानाची नियमित तयारी होण्यास पुरत नाही. मूल तालात आहे की सुरात, हे ओळखायला ज्याला कधी शिकवलेच नाही, त्याच्याकडून तशी नोंद मागणे हा शिक्षकावर आणि मुलावरही अन्याय आहे.

या तयारीचे स्वरूप पट्टीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. पट्टी म्हणजे ज्या उंचीचा स्वर षड्ज मानून गायचे ती उंची. प्रौढ पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा साधारण एका सप्तकाने खाली असतो. त्याने आपल्या सोयीच्या स्वरात गाणे उचलले की काही मुले वरच्या सप्तकात गातात, काही तोच खालचा स्वर धरू पाहून पुटपुटत राहतात आणि ‘जोरात म्हणा’ अशी सूचना मिळताच सारा वर्ग गाण्याऐवजी ओरडू लागतो. सुमारे 52 सेकंदांच्या राष्ट्रगीताची चाल शेवटाकडे तार षड्जापर्यंत चढत असल्याने, सुरुवात उंच झाली तर तेथे मुलांचे आवाज चिरकतात. मुलांना मानवेल असा षड्ज देणे, एकेक ओळ आधी म्हणून दाखवून मग मुलांकडून घेणे, सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा यांचा ठेका टाळीवर धरणे, आणि सूर न लागणाऱ्या मुलाला ‘तू नुसते ओठ हलव’ असे न सांगता त्याच्या स्वरापासून सुरुवात करून त्याला हळूहळू गटाच्या स्वरात आणणे, ही कौशल्ये मैफलीचा गवई नसलेल्या शिक्षकालाही सरावाने साध्य होतात. एखाद्या दिवसाच्या कार्यशाळेत मात्र ती येत नाहीत.

दुसरा प्रश्न गाण्यांच्या साठ्याचा आहे. भोंडल्याची गाणी, ओव्या, पाळणे, पोवाडे, लेझीम, पालघर परिसरातील तारप्यावरचे नाच आणि मेळघाटातील कोरकू गीते हे मुलांच्या घरचे संगीत आहे. परंतु दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षकापर्यंत ते पोहोचवणारी व्यवस्था नसल्याने शाळेत बहुधा ध्वनिक्षेपकावरील तयार गाण्यांवर भागवले जाते, आणि मुले गाणारी न राहता केवळ ऐकणारी होतात.

सबब पुढील मागण्या सादर करण्यात येत आहेत :

1. डी.एल.एड. अभ्यासक्रमाच्या दोन्ही वर्षांत संगीताची साप्ताहिक प्रात्यक्षिक तासिका अनिवार्य करावी आणि तिचे मूल्यमापन लेखी उत्तरांवर न करता, छात्राध्यापकाने प्रत्यक्ष वर्गाला गाणे शिकवण्यावर करावे.

2. प्रत्येक जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत संगीताची अर्हता आणि बालवर्गाला शिकवण्याचा अनुभव असलेला किमान एक अधिव्याख्याता नेमावा.

3. कार्यरत शिक्षकांसाठी केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत वर्षभर संगीताच्या सरावासाठी ठरावीक वेळ राखून ठेवावा व त्यानंतर वर्गभेटीतून मार्गदर्शन द्यावे.

4. मुलांच्या पट्टीत ध्वनिमुद्रित केलेल्या गीतांसह शिक्षक-हस्तपुस्तिका तयार करावी आणि तीत अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी, भिली, कोरकू यांसह राज्यातील विविध बोलींतील व भाषांतील गीतांचा अर्थासह समावेश करावा.

5. गावातील भजनी मंडळी, शाहीर, वादक आणि पारंपरिक गीते जाणणाऱ्या महिला यांना मानधनावर शाळेत बोलावण्याची मुभा द्यावी. अशा तासिकेस वर्गशिक्षकाने उपस्थित राहून स्वतःही शिकावे.

6. टाळ, खंजिरी, डफ, ढोलकी व संवादिनी यांची खरेदी आणि दुरुस्ती यांसाठी प्रत्येक शाळेला दरवर्षी स्वतंत्र तरतूद मिळावी.

वरीलपैकी तिसरी आणि पाचवी मागणी सध्याच्या यंत्रणेतूनच येत्या शैक्षणिक वर्षात अमलात आणता येण्यासारखी आहे. पहिल्या व दुसऱ्या मागणीसाठी अभ्यासक्रमात बदल आणि पदनिर्मिती आवश्यक असल्याने त्यांचा कालबद्ध कार्यक्रम शासनाने जाहीर करावा. या विषयावर चर्चेसाठी प्राथमिक शिक्षक, संगीत-अध्यापक आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे अधिकारी यांची संयुक्त बैठक बोलवावी व तीतील निर्णय लेखी कळवावेत, ही नम्र विनंती.

निवेदनकर्ते,
प्राथमिक शिक्षक, संगीत-अध्यापक व पालक