शौकाच्या जुन्या मोटारी आणि टायरचे वय

आमच्या वाचकांपैकी अनेकांचे पोट गॅरेज, टायर-पंक्चर, डेंटिंग-पेंटिंग आणि जुन्या सुट्या भागांच्या धंद्यावर चालते. या कारागिरांकडे अलीकडे एक खास गिऱ्हाईक येते. जुनी फियाट, अ‍ॅम्बॅसिडर, मॉरिस किंवा ऑस्टिन शौकाने जपणारे हे लोक मोटार वर्षातून चार-सहा वेळाच बाहेर काढतात. कधी रॅली, कधी लग्नाची वरात, कधी सिनेमाचे चित्रीकरण. अशा मोटारीचे इंजिन, ब्रेक, रंग, क्रोम यांवर आमचे कारागीर जीव ओतून काम करतात. टायरवर मात्र एक नजर टाकून म्हणतात, "नक्षी शाबूत आहे, टायर नवाच आहे." हे वाक्य धोक्याचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रोज धावणाऱ्या टॅक्सीचा टायर झिजून मरतो. उभ्या मोटारीचा टायर म्हातारा होऊन मरतो. रबर ऊन, उष्णता आणि हवेतील प्राणवायू व ओझोन यांनी कडक होत जाते. त्यापासून बचाव व्हावा म्हणून टायरच्या रबरात मेण आणि औषधे घातलेली असतात. चाक फिरते, रबर दबते-फुगते, तेव्हा ही औषधे पृष्ठभागावर येतात. मोटार महिनोन्‌महिने उभी राहिली की हे काम मंदावते. बाजूला बारीक तडे दिसतात, खालचा भाग चपटा होतो. त्याहून वाईट म्हणजे आतल्या थरांची पकड सुटू लागते आणि ती बाहेरून दिसत नाही. हमरस्त्यावर वेग वाढून टायर तापला की मगच ती कळते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

इंग्लंडमधील एक उदाहरण पाहा. सप्टेंबर २०१२ मध्ये हाइंडहेड येथे प्रवासी बसचा पुढचा टायर फुटून तिघांचा बळी गेला. तो टायर १९ वर्षांहून अधिक जुना, म्हणजे खुद्द बसपेक्षाही म्हातारा होता. एका मृत तरुणाच्या आईने वर्षानुवर्षे लढा दिला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे बस व मालमोटारींच्या पुढच्या चाकांवर १० वर्षांपेक्षा जुना टायर चालवण्यास बंदी आली. धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या, ४० वर्षांवरील जुन्या वाहनांना मात्र तिथेही सूट आहे. सूट कायद्याने दिली. रबर ती देत नाही. आपल्याकडे मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असा नियम आहे. पण नक्षीवरून वय कळत नाही.

वय कळण्याची सोय टायरवरच आहे. बाजूला शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा. तो लगेच उतरवा. आकडे पुष्कळदा आतल्या बाजूला असतात, म्हणून मोटारीखाली जाऊन पाहण्याचा कंटाळा करू नका. काही मोटार कंपन्या ६ वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. मिशेलिन कंपनीचा सल्ला असा, की ५ वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी व्हावी आणि १० वर्षे झाली की टायर कितीही चांगला दिसला तरी बदलावा, स्टेपनीसुद्धा. आमच्या हवेचा उष्मा पाहता शौकाच्या मोटारीला दहा वर्षांची वाट पाहू नये. सहा वर्षांनंतर तिला लांबच्या प्रवासाला नेऊ नये, असे आम्हांस वाटते.

गिऱ्हाईक कुरकुर करेल. जुन्या मापाचे टायर सहज मिळत नाहीत, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. अमेरिकेतील कोकर टायरसारख्या कंपन्या जुन्या धाटणीचे टायर आजही नव्याने बनवतात, पण ते मागवणे खर्चाचे असते. तरी ज्याने रंगावर आणि क्रोमवर हजारो रुपये ओतले, त्याने चाकाशी काटकसर करावी हा उलटा हिशेब आहे.

म्हणून आमची धंद्यातील बंधूंना विनंती आहे. पाचही टायरचे आकडे बिलावर लिहून द्या. गोदामात आठ वर्षे पडलेला टायर 'नवाकोरा' म्हणून विकू नका. काळा दिसावा म्हणून टायरवर डिझेलचा फडका मारू नका. तेलाने रबर खराब होते. टायर वेल्डिंग मशीन किंवा कंप्रेसरच्या मोटारीजवळ ठेवू नका, तेथे ओझोन तयार होतो. मोटार बराच काळ उभी राहणार असेल तर ती ठोकळ्यांवर चढवायला सांगा. आणि वय झालेला टायर उतरवलात, तर त्याची बाजू कापून मगच भंगारात टाका. नक्षी चांगली म्हणून त्याचे चार पैसे येतील खरे, पण तो दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागेल, आणि त्या गाडीत मुलेबाळे बसलेली असतील.

टायर बदलायचा की नाही, हे मालकाने ठरवावे. त्याचे वय मालकाला सांगणे मात्र कारागिराचे काम आहे.